गुलाबाची भूक

(शारदीय व्याख्यानमालेत ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



पाऊस परतला आहे. पहाटे दार उघडलं की हवेत किंचित गारवा जाणवतो, दुपारी मात्र ऑक्टोबरचं ऊन चटका देतं. आपल्याकडच्या गुलाबाचं वर्ष इथून सुरू होतं. छाटणीचे हे दिवस, आणि खत घालण्याचेही. म्हणूनच संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, मला खतावर बोलू द्या. गेली तीसेक वर्षं मी लोकांच्या अंगणांत, गच्च्यांवर आणि गॅलऱ्यांत गुलाब पाहत आलो आहे. त्यातून एक गोष्ट मनात पक्की बसली आहे. आपल्या घरचे गुलाब उपासमारीनं क्वचित मरतात. अवेळी खाऊ घातल्यामुळे मात्र पुष्कळ मरतात.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास आमच्या शेजारच्या इमारतीतल्या एका आजींनी बोलावणं पाठवलं. गॅलरीत बारा इंची कुंडीत तांबडा गुलाब होता. पानांच्या कडा जळल्यासारख्या, शेंडे वाळलेले. आजी म्हणाल्या, "याला मी काही म्हणजे काही कमी पडू दिलं नाही रे." ते खरंच होतं. मातीवर चहाचा चोथा होता, अंड्याची टरफलं होती, केळ्याच्या साली होत्या, आणि या सगळ्याच्या वर पांढऱ्या दाणेदार खताचा थर होता. मी कुंडी आडवी करून मातीचा गड्डा अलगद बाहेर काढला. कुंडीच्या आतल्या कडेला पांढरी खार धरली होती. मुळं तपकिरी पडली होती. एक मूळ चिमटीत धरून ओढलं, तर साल निसटून आली आणि आतला बारीक दोरा तेवढा हातात राहिला. नवं, पांढरं मूळ एकही दिसेना.

काय झालं असेल? कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की त्यांना पाणी सुटतं. मुळांचंही तेच झालं. मातीतल्या पाण्यात क्षार वाढले की मुळाला पाणी ओढता येत नाही; आहे तेही बाहेर खेचलं जातं. झाड तहानेनं सुकत होतं, आणि आजींना वाटत होतं की त्याला भूक लागली आहे. सुकलं म्हणून खत, खत घातलं म्हणून आणखी सुकलं, म्हणून पुन्हा खत. या फेऱ्यात मी कितीतरी झाडं जाताना पाहिली आहेत.

म्हणून आधी हे समजून घेऊ, की गुलाब खातो म्हणजे काय करतो. झाडाचं अन्न पानात, उन्हात शिजतं. आपण मातीत घालतो तो त्या स्वयंपाकाचा शिधा. चूलच पेटली नाही तर शिधा कितीही आणा, उपयोग नाही. गुलाबाला रोज किमान पाच-सहा तास थेट ऊन हवं. ते नसेल तर फुटवा वाढतो आणि कळी न धरताच थांबतो. उन्हाची उणीव कोणतंही खत भरून काढत नाही.

शिध्यातले तीन जिन्नस आपल्या परिचयाचे आहेत. नत्रानं पान आणि फुटवा येतो. स्फुरदाचं काम मुळांच्या वाढीत आणि झाडातल्या ऊर्जेच्या देवघेवीत. पालाश पाण्याचा तोल सांभाळतं, दांडा कणखर करतं, फुलाचा रंग आणि टिकाऊपणा त्याच्यामुळे. शिवाय कॅल्शियम, मॅग्नेशियम, गंधक. आणि चिमूटभर लागणारी, पण नसली तर अडून बसणारी लोह, जस्त, बोरॉन यांसारखी सूक्ष्म अन्नद्रव्यं. एकोणिसाव्या शतकात जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांनी एक नियम लोकांपुढे मांडला: जो घटक सर्वांत कमी, तोच वाढीची मर्यादा ठरवतो. लाकडी पिंपाची एक फळी आखूड असेल, तर पाणी तिच्याच उंचीपर्यंत भरतं. बाकीच्या फळ्या उंच करून काही साधत नाही. आपली आखूड फळी कोणती, हे ओळखणं ही खत देण्यातली पहिली पायरी.

आणि ती फळी ठरते मातीवरून. पुण्यापासून पूर्वेकडे, देशावर, बेसॉल्ट खडकाची काळी माती आहे. ती बहुतेक ठिकाणी विम्लधर्मी, चुनखडीची. तिचा सामू साडेसात-आठच्या पुढे जातो. गुलाबाला आवडतो तो सहा ते सात. या काळ्या मातीत पालाश सहसा भरपूर असतं. लोह आणि जस्त असूनही झाडाच्या हाती लागत नाही, आणि स्फुरद चुन्याशी बांधलं जातं. घाट उतरून कोकणात गेलात की जांभ्याची माती. ती आम्लधर्मी, निचऱ्याची. तिथला पाऊस अन्नद्रव्यं धुऊन नेतो, आणि स्फुरद लोह-ॲल्युमिनियममध्ये अडकतं.

आता हाडांचा चुरा घ्या. गुलाबाला हाडांचा चुरा घालायचाच, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. त्यात स्फुरद वीस टक्क्यांच्या आसपास असतं, हे खरं. पण ते विरघळायला मातीत आम्ल लागतं. रत्नागिरीच्या परसात तो चुरा सावकाश का होईना, कामाला येतो. सोलापूरच्या चुनखडीच्या काळ्या मातीत तोच चुरा वर्षानुवर्षं जवळजवळ तसाच पडून राहतो. तिथे सिंगल सुपर फॉस्फेट शेणखतात मिसळून मुळांजवळ देणं शहाणपणाचं. अंड्याच्या टरफलांचंही तसंच आहे. ती म्हणजे चुना. आणि देशावरच्या मातीला चुन्याची ददात कधीच नसते. कोकणातल्या मैत्रिणीनं सांगितलेला उपाय पुण्यात फसतो, याचं कारण तिच्या आणि तुमच्या मातीत आहे.

सगळ्या मातींना मानवतं असं खत एकच: चांगलं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट. त्यात नत्र जेमतेम अर्धा टक्का. हिशेब करा. युरियात नत्र 46 टक्के, म्हणजे 11 ग्रॅम युरियात जेवढं नत्र, तेवढंच एक किलो शेणखतात. मग शेणखत कशाला उचलून आणायचं? कारण ते माती भुसभुशीत करतं, पाणी धरून ठेवतं, सूक्ष्म अन्नद्रव्यं मुळांना मिळतील अशा रूपात राखतं आणि जिवाणूंना घर देतं. पेंडीतलं नत्र हे जिवाणूच मुळांना घेता येईल असं करून देतात. युरिया देऊन तुम्ही झाडाला एक वेळ जेवू घालता. शेणखत घालता तेव्हा घरात स्वयंपाकघर मांडता.

पण ते कुजलेलं हवं. कसं ओळखायचं? मूठभर हातात घ्या. हाताला गार लागलं पाहिजे. शेणाचा वास येता कामा नये. वळवाच्या पहिल्या सरीनंतर मातीला येतो तसा वास यावा. मूठ दाबून उघडली की ढेकूळ सहज फुटावं. गरम लागलं, उग्र वास आला, की ते आणखी काही महिने मुरू द्या. कच्च्या शेणखतात हुमणीची अळी असते. पांढरी, इंग्रजी 'सी'सारखी वळलेली. ती मुळं कुरतडते, आणि वरून झाड सुकताना पाहून आपण पुन्हा खतच घालतो.

आता वेळापत्रकाकडे येऊ. पाऊस थांबला, मातीला वाफसा आला, की छाटणी करायची. वाळलेल्या, रोगट, एकमेकींत घुसलेल्या फांद्या काढा. बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या वर तिरका काप घ्या. डोळा भरलेल्या जागेच्या खालून आलेला रानटी फुटवा मुळापासून काढून टाका. तो तुमचं सगळं खत खाईल आणि तुमच्या जातीचं एकही फूल देणार नाही. मग खोडापासून वीतभर अंतर सोडून आळं उकरा. खत खोडाला खेटून कधी घालू नका. खाणारी मुळं बाहेरच्या घेरात असतात. जमिनीतल्या एका मोठ्या झाडाला चार-पाच किलो शेणखत, 100 ग्रॅम निंबोळी पेंड, 50 ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट आणि 20 ग्रॅम सल्फेट ऑफ पोटॅश. मातीत मिसळा, झाका, भरपूर पाणी द्या. देशावर मातीची तपासणी करून पालाश पुरेसं निघालं, तर पोटॅश वगळा.

नत्राचं वरखत त्या दिवशी नको. छाटलेल्या झाडाला पान नाही, ते खाणार कसं? डोळे फुगून लालसर कोंब दोन-तीन इंचांचे झाले, की 10 ते 15 ग्रॅम युरिया ओल्या मातीत द्या आणि वर पुन्हा पाणी. कोरड्या मातीत खत कधीही नको, हा नियम वहीत लिहून ठेवा. पुढे वाटाण्याएवढी कळी दिसली की नत्र थांबवा. त्या वेळी नत्र जास्त झालं तर पानं लुसलुशीत होतात, थंडीत त्यांवर भुरी येते, मावा बसतो आणि दांडा मान टाकतो. या टप्प्यावर पालाशचं हलकं विद्राव्य खत चालतं. पहिला बहर संपला की फुलं पाच पर्णिकांच्या पानापर्यंत कापा, आणि निंबोळी पेंडीचा निम्मा हप्ता पुन्हा द्या. एप्रिल-मेच्या कडक उन्हात मात्र झाडाला सावली, आच्छादन आणि पाणी द्या; खताचा हात आखडता घ्या.

कुंडीची गोष्ट वेगळी. तिथे माती थोडी, आणि दर पाण्याबरोबर अन्न खालच्या भोकातून वाहून जातं. म्हणून थोडं थोडं, पण नेमानं. 19:19:19 हे विद्राव्य खत लिटरभर पाण्यात एक ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा, आधी कुंडी ओली करून. महिन्यातून एकदा नुसतं पाणी इतकं द्या की तळातून चांगलं वाहून जाईल. साठलेले क्षार त्याबरोबर जातात. तळेगाव-मावळच्या पॉलिहाऊसमध्ये जाऊन पाहा. तिथले शेतकरी तांबड्या मातीत शेणखत आणि भाताचा तूस मिसळून वाफे करतात, आणि ठिबकातून ग्रॅमच्या हिशेबानं खत देतात. पाण्याचा सामू आणि क्षारता यंत्रावर मोजूनच. 14 फेब्रुवारीच्या बाजारासाठीची छाटणी ते डिसेंबरच्या मध्याला करतात. फूल कोणत्या आठवड्यात हवं, ते ठरवून झाडाला जेवू घालतात. त्यांच्या शिस्तीचा चौथा हिस्सा जरी आपण गॅलरीत आणला, तरी पुष्कळ.

आणि झाड बोलतं, ते ऐकायला शिका. खालची, जुनी पानं सरसकट पिवळी पडली तर नत्र कमी. शेंड्याची कोवळी पानं पिवळी, पण शिरा हिरव्या, तर लोह मिळत नाही. देशावर हे नेहमीचं दुखणं. पण लोह आणण्याआधी माती चिखल तर झाली नाही ना, ते बघा. मुळांना श्वास मिळाला नाही तरी पान तसंच दिसतं. निचरा ठीक असेल तर चिलेटेड लोह द्या, किंवा फेरस सल्फेट आठ-दहा दिवस शेणखतात मुरवून द्या. जुन्या पानांच्या शिरांमधली जागा पिवळी पडली तर मॅग्नेशियम. कडा करपल्या तर पालाश कमी, नाहीतर आजींच्या कुंडीसारखे क्षार जास्त. यातलं कोणतं, ते मातीवरची पांढरी खार सांगते.

आपल्या देशात गुलाबावर ज्यांनी जीव लावला, त्यांत डॉ. बी. पी. पाल यांचं नाव आदरानं घ्यावं लागेल. गव्हाचे मोठे शास्त्रज्ञ, भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पहिले महासंचालक. ज्या माणसानं तांबेऱ्याला दाद न देणारा गहू घडवला, त्यानंच गुलाबाच्या नव्या जाती पैदा केल्या आणि भारतातल्या गुलाबावर पुस्तक लिहिलं. मला यात विसंगती दिसत नाही. पोटाला लागणारं पीक आणि डोळ्यांना सुखावणारं फूल, दोघांनाही एकाच नजरेची गरज असते: झाडाकडे रोज, बारकाईनं पाहणारी नजर.

त्या आजींच्या गुलाबाचं काय झालं, ते सांगतो. आम्ही ती कुंडी धुतली, कुजलेली मुळं कापली, नवी माती भरली. आणि मी आजींना सांगितलं, सहा आठवडे फक्त पाणी. हे सहा आठवडे त्यांना फार जड गेले. प्रेम करणाऱ्या माणसाला हात आवरून बसणं सर्वांत कठीण असतं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी निरोप धाडला, "कोंब आलाय." मी गेलो, वरची माती बोटानं थोडी बाजूला केली. खाली शिवणाच्या दोऱ्याएवढी पांढरी मुळं पसरली होती. त्या दिवशी आम्ही खताचा पहिला घास दिला: लिटरभर पाण्यात अर्धा ग्रॅम. जानेवारीच्या अखेरीला तीन फुलं आली.

तेव्हा माझी विनंती एवढीच. आज घरी जाऊन खताची पिशवी उघडू नका. उद्या सकाळी कात्री घ्यायच्या आधी झाडाजवळ दहा मिनिटं बसा. ऊन किती येतं ते पाहा, जुनं पान पाहा, नवं पान पाहा, मातीत बोट घालून ओल पाहा. मग छाटणी करा आणि हात राखून खत घाला. या आठवड्यात छाटलेला गुलाब सुमारे पंचेचाळीस ते पन्नास दिवसांत फुलतो. म्हणजे नोव्हेंबरच्या अखेरीस तुमच्या दारात फूल असेल.