रोज रोज डिस्कची तपासणी का?
अर्जुनी मोरगावसारख्या तालुक्यात वादळवाऱ्याने वीज गेली की कॉम्प्युटर कामाच्या मध्येच बंद पडतो. पुढच्या वेळी विंडोज डिस्क तपासतं, ते योग्यच. लिहिणं अर्धवट राहिलं की डिस्कवर गडबडीची खूण राहते. तपासणी नीट पार पडली की ती खूण पुसली जाते. पण वीज न जाताही रोज तीच तपासणी होत असेल, तर खूण पुसली जात नाही किंवा पुन्हा उमटते आहे. मग संशय डिस्कवर किंवा तिच्या केबलवर घ्यावा.

कुणी म्हणेल, एक आज्ञा देऊन तपासणीच बंद करा. होते खरी, पण बिघाड आत तसाच राहतो. ‘फॉरमॅट मारा’ हा तर दुकानातला आवडता सल्ला. त्याने खराब झालेला पृष्ठभाग सुधारत नाही. म्हणून आधी सातबारा, दाखले, फोटो दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या. कॉम्प्युटर सुरूच होत नसेल, तर डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडा. विंडोजच्या ‘चेकडिस्क’ या तपासणी-आज्ञेची ‘आर’ पर्यायाची सखोल तपासणी त्यानंतरच, कारण दुबळ्या डिस्कला ती झेपेलच असं नाही. तिला तासन्‌तास लागू शकतात. तेवढा वेळ साधा यूपीएस टिकत नाही, तेव्हा वीज स्थिर असतानाच ती लावा.