गुंजाला लिपी आणि जुना दुभाषी

आदिलाबाद जिल्ह्यातील नार्नूर मंडलात गुंजाला नावाचे एक गोंड खेडे आहे. हैदराबाद विद्यापीठाचे प्राध्यापक जयधीर तिरुमल राव यांच्या नेतृत्वाखाली संशोधकांना तेथे गोंडी भाषेची दहाबारा हस्तलिखिते मिळाली, आणि त्यांतील लिपी गावाच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. जून २०१८ मध्ये युनिकोडच्या अकराव्या आवृत्तीत ह्या लिपीला स्थान लाभले. लिपी संगणकावर आली, असे समजून पुष्कळांनी समाधान मानले असेल. वस्तुतः एक रुक्ष वाटणारा प्रश्न तेथूनच सुरू होतो : प्रोग्राम आणि डेटाबेस यांच्यामध्ये दुभाषी म्हणून कोणती लायब्ररी बसवावयाची?

पीएचपी भाषेत लिहिलेला प्रोग्राम मायएसक्यूएल डेटाबेसला आपण होऊन काही विचारू शकत नाही; ते काम लायब्ररीचे. मूळच्या लायब्ररीला २००४ साली 'मायएसक्यूएलआय' ही सुधारलेली बहीण मिळाली; २००५ साली 'पीडीओ' आली. २०१३ मध्ये मूळ लायब्ररी कालबाह्य ठरविली गेली आणि डिसेंबर २०१५ च्या पीएचपी ७ मधून ती काढूनच टाकण्यात आली. तरीही चालत्या प्रोग्रामला हात लावावयास कोण धजतो?

जुन्या वळणात वाक्य आणि माहिती एकत्र शिवली जात. नावाच्या रकान्यात कोणी एखादे अवतरणचिन्ह टंकले की वाक्यच मोडे; आणि लबाड माणूस तेथे अशी अक्षरे लिही की दुसऱ्यांच्या नोंदी त्याच्या हाती पडत. नव्या पद्धतीत मोकळ्या जागा ठेवून वाक्य आधी सांगावयाचे व माहिती मागाहून निराळी द्यावयाची. मग माहितीला आज्ञेचे रूप येत नाही.

परंतु नार्नूरच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरी किंवा तेलुगू अक्षर तीन बाइटांत मावते. गुंजाला गोंडीच्या अक्षराला चार लागतात. मायएसक्यूएलमध्ये मात्र 'यूटीएफ८' ह्या नावाखाली तीनच बाइटांची सोय होती! चार बाइटांचा 'यूटीएफ८एमबी४' हा संच २०१० मध्ये आला आणि २०१८ मध्ये आठव्या आवृत्तीत तो मूळ धरला गेला. समजा, शाळेच्या जुन्या प्रोग्राममध्ये तीन मुलींची नावे भरली. मराठीतले टिकले, तेलुगूतले टिकले. गोंडी लिपीतले मात्र पहिल्याच अक्षरापाशी छाटले गेले, किंवा त्याच्या जागी प्रश्नचिन्हे उमटली. डेटाबेस सैल नियमांवर चालत असेल तर केवळ एक सूचना निघते, आणि ती कोणी वाचीत नाही.

ह्यात सारा दोष दुभाष्याचा नव्हे. अक्षरसंच कोणता, हे जुन्या लायब्ररीलाही सांगता येई. पण ते आठवणीने वेगळे सांगावे लागे. पीडीओमध्ये तो जोडणीच्या पत्त्यातच लिहिता येतो. तथापि नुसती लायब्ररी बदलून भागत नाही; तक्त्यातील रकानेही बदलावे लागतात. पुष्कळांनी तर जुन्या नावांपुढे एक 'आय' जोडून सुधारणा झाली असे मानले, आणि वाक्ये पूर्वीसारखीच शिवीत राहिले. ही नव्या दुभाष्याला लावलेली जुनी खोड होय. उलट पीडीओही निर्दोष नव्हती : २०२० च्या पीएचपी ८ पूर्वी, सांगितल्यावाचून ती चुकांबद्दल मौनच पाळी.

काम मायएसक्यूएलपुरतेच असेल तर मायएसक्यूएलआय पुरेशी आहे. उद्या डेटाबेस बदलण्याचा संभव असेल तर पीडीओ बरी. कोणतीही निवडली तरी गुंजाला गोंडीतील एक नाव लिहावे, जतन करावे, आणि नोंद बंद करून पुन्हा उघडून पाहावी. पाच मिनिटांचे काम आहे. ते शाळेची नावनोंदणी सुरू होण्यापूर्वी झालेले बरे.