‘आपण’ जिंकलो, ‘ते’ हरले

(शाळेच्या हीरकमहोत्सवानिमित्त हैदराबाद येथे भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



हीरकमहोत्सवी समारंभात मुख्याध्यापिकेने शाळेच्या साठ वर्षांचा आढावा घ्यावा, असा संकेत आहे. तो आढावा आपल्या ज्येष्ठ माजी शिक्षकांनी सकाळच्या सत्रात माझ्याहून कितीतरी अधिक अधिकाराने घेतला आहे. म्हणून माझ्या वाट्याची ही वीस मिनिटे मी वेगळ्या विषयाला देणार आहे. विषय आहे फुटबॉल. त्यातही खेळाडू नव्हेत, तर एखाद्या संघावर जीव लावून बसलेले चाहते. मागच्या रांगांतून हसू ऐकू आले, ते योग्यच आहे. मी मराठीची शिक्षिका. ऑफसाइड म्हणजे काय, हे मला आठवीच्या मुलांनी टेबलावर खडू, डस्टर आणि हजेरीपट मांडून समजावले, तेही दोनदा. परंतु या विषयाची सुरुवात माझ्याच प्रांतात, म्हणजे व्याकरणात होते.

मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनी सर्वनामे दोन आहेत. ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा त्यातून वगळला जातो. ‘आपण’ म्हटले की तो आत घेतला जातो. आपल्या शेजारच्या तेलुगूतही ‘मेमु’ आणि ‘मनम्’ असा हाच भेद आहे. हिंदीत आणि इंग्रजीत तो नाही. आता सोमवारी सकाळी वर्गात शिरताना कानावर पडणारी वाक्ये ऐका. “काल आपण जिंकलो, बाई!” या ‘आपण’मध्ये बोलणारा मुलगा आहे, अकरा खेळाडू आहेत, आणि माझी इच्छा असो वा नसो, मीही आहे. पुढच्या सोमवारी तोच मुलगा खालच्या मानेने सांगतो, “ते हरले.” एका आठवड्यात ‘आपण’चे ‘ते’ होतात. रॉबर्ट चाल्डिनी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच टिपले होते. विद्यापीठाचा संघ जिंकला की सोमवारी विद्यापीठाचे नाव असलेले कपडे घालून येणारे विद्यार्थी वाढत, आणि विजयाविषयी बोलताना ‘आम्ही’ हा शब्द अधिक वेळा येई. त्यांचा फुटबॉल आपल्या फुटबॉलहून निराळा, पण माणसे तीच.

मला मात्र कुतूहल आहे ते पराभवानंतरही ‘आपण’च म्हणणाऱ्या मुलांचे. अशी मुले प्रत्येक वर्गात दोन-तीन तरी असतात. पाच धडे पाठ करून मिळणार नाही असे काहीतरी त्यांच्याजवळ असते, आणि ते त्यांना कुठून मिळते, हे मी गेली काही वर्षे पाहत आले आहे.

पालकांना वाटते, क्रिकेट काय, फुटबॉल काय, सारखेच वेड. तसे नाही. क्रिकेटमध्ये धावा शेकड्यांनी होतात. पराभव येतो तो पावलापावलाने, आणि मनाला तयारीला वेळ मिळतो. फुटबॉलमध्ये नव्वद मिनिटांत एखाददुसरा गोल. पंच्याऐंशी मिनिटे उत्तम खेळलेला संघ पुढच्या पाच मिनिटांत होत्याचा नव्हता होतो. जो अधिक चांगला खेळला तोच जिंकेल, याची हमी या खेळात फार कमी आहे. म्हणून त्याच्या चाहत्याला न्याय आणि निकाल या दोन गोष्टी वेगळ्या असतात, हे लहान वयातच कळते. कळते म्हणजे सोसते असे नव्हे.

आपल्या शहराला हा खेळ नवा नाही. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईला जाऊन रोव्हर्स चषक जिंकून आणणारा संघ हैदराबाद सिटी पोलिसांचा होता. तेव्हा औरंगाबाद, परभणी, नांदेड हे सारे हैदराबाद राज्यातच होते. तिकडून शिक्षणासाठी, नोकरीसाठी येथे आलेल्या आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीतील पुष्कळांनी तो संघ फतेह मैदानावर पाहिला आहे. त्या संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम. भारतीय संघाने त्यांच्याच मार्गदर्शनाखाली १९५१ आणि १९६२ च्या आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक मिळवले आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक पटकावला. ते पेशाने शाळामास्तर होते, हे मी येथे जरा मोठ्या आवाजात सांगते.

त्यानंतर हैदराबादचा फुटबॉल हळूहळू ओसरत गेला. मधल्या काळात आपली मुले दूरच्या संघांची झाली. मँचेस्टर युनायटेडचे लाल सदरे घालणारी मुले आजही शाळेत आहेत. त्या संघाने इंग्लंडची लीग अखेरची जिंकली ती २०१३ मध्ये. म्हणजे आज आपल्या सातवीत असलेल्या मुलाने त्या संघाचे विजेतेपद डोळ्यांनी कधी पाहिलेले नाही. निष्ठा मोठ्या भावाकडून सदऱ्याबरोबर वारशाने आली आहे. हे मला हास्यास्पद वाटत नाही. आपल्यापैकी कितीजणांनी पंढरपूर प्रत्यक्ष पाहण्याआधीच अभंग पाठ केले होते!

२०१९ मध्ये मात्र शहराला पुन्हा स्वतःचा संघ मिळाला. इंडियन सुपर लीगमध्ये हैदराबाद एफसी आला, पिवळा सदरा घालून. गच्चीबोवलीच्या मैदानावरील पहिलाच सामना त्याने केरळ ब्लास्टर्सविरुद्ध जिंकला, आणि मग हंगाम संपेपर्यंत बहुतेक हरतच राहिला: अठरा सामन्यांत दोन विजय, गुणतक्त्यात शेवटचा. त्या हंगामात पिवळा सदरा घालून खेळाच्या तासाला येणाऱ्या मुलांची जी थट्टा झाली, तिचे वर्णन करवत नाही.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण सभागृहात पुण्यात स्थायिक झालेले माजी विद्यार्थी बसले आहेत. आपल्याला हा संघ मिळाला, तो पुण्याचा संघ बंद पडल्यामुळे. बालेवाडीला खेळणारा एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये विसर्जित झाला, त्याची लीगमधील जागा हैदराबादला आली. प्रशिक्षक आणि काही खेळाडूही तिकडूनच आले. पुण्याने त्याआधी २०१५ मध्ये पुणे एफसीही गमावला होता. मुंबईचा महिंद्र युनायटेड २००६ चा राष्ट्रीय विजेता, तो २०१० मध्ये बंद झाला. त्या त्या वेळी तिथल्या मुलांना कोणी विचारले असेल, असे वाटत नाही. आपला आनंद कोणाच्या तरी रिकाम्या झालेल्या जागेवर उभा होता, हे आपल्याला त्या वेळी जाणवलेही नाही. आनंदात असताना सहसा जाणवत नाही.

पुढचे दोन हंगाम करोनामुळे सारे सामने गोव्यात झाले. त्यामुळे गंमत अशी झाली की आपला संघ वर येत गेला, पण आपल्या गावात एकदाही न खेळता. मानोलो मार्केझ नावाचे स्पॅनिश प्रशिक्षक आले, नायजेरियाच्या ओग्बेचेने २०२१-२२ च्या हंगामात अठरा गोल केले, आणि २० मार्च २०२२ रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर अंतिम सामना ठरला. समोर पुन्हा केरळ. केरळचाही रंग पिवळाच. परंतु गुणतक्त्यात हैदराबाद वर असल्याने पिवळा सदरा हैदराबादला मिळाला. केरळचे हजारो चाहते पिवळ्या कपड्यांत गोव्याला लोटले होते आणि त्यांचा संघ गडद रंगात खेळत होता. दूरचित्रवाणीवर सारे मैदान पिवळे दिसत होते. ते आपले नव्हते.

अडुसष्टाव्या मिनिटाला केरळने गोल केला. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला बदली खेळाडू साहिल तावोरा याने बरोबरी साधली. जादा वेळेत काही झाले नाही. पेनल्टी शूटआउटमध्ये आपल्या गोलरक्षकाने, लक्ष्मीकांत कट्टीमणीने, केरळचे तीन फटके अडवले आणि हैदराबाद ३-१ ने विजेते झाले.

कट्टीमणीविषयी मी थोडे थांबून बोलणार आहे, कारण माझ्या मते साऱ्या फुटबॉलप्रेमाचा अर्थ त्याच्या गोष्टीत आहे. तो गोव्याचाच. २० डिसेंबर २०१५ रोजी याच फातोर्डा मैदानावर तो एफसी गोवाकडून अंतिम सामना खेळत होता. सत्त्याऐंशीव्या मिनिटाला गोवा २-१ ने पुढे गेला. नव्वदाव्या मिनिटाला कट्टीमणीचा स्वयंगोल झाला; आणखी दोन मिनिटांत चेन्नईयनने तिसरा गोल केला आणि चषक नेला. स्वतःच्या गावात, स्वतःच्या माणसांसमोर. मनुष्याने खेळ सोडून द्यावा, असे ते क्षण होते. सव्वासहा वर्षांनी त्याच मैदानावर, त्याच गोलखांबांमध्ये नसेल कदाचित, पण त्याच गवतावर तो दुसऱ्या शहरासाठी उभा राहिला आणि त्याने तीन फटके अडवले. मी ही गोष्ट दहावीच्या सराव परीक्षेनंतर वर्गात सांगते. तात्पर्य सांगत नाही. मुलांना सांगावे लागत नाही.

आणि त्याच संध्याकाळी केरळची मुले तिसऱ्यांदा अंतिम सामना हरून परत निघाली होती: २०१४, २०१६ आणि आता २०२२. पुढच्या हंगामात कोचीचे मैदान पुन्हा भरले. मला त्या चाहत्यांचा हेवा वाटतो.

याची काळी बाजूही सांगितली पाहिजे. १६ ऑगस्ट १९८० रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्या सामन्यात उसळलेल्या दंगलीत सोळा प्रेक्षक मरण पावले. घरून सामना पाहायला निघालेली माणसे. ‘आपण’ या शब्दाला ‘ते’ लागतातच, आणि ‘ते’ म्हणजे माणसे आहेत हे विसरले की काय होते, याचे ते उदाहरण आहे. आपल्या मुलांच्या फोनवर हरलेल्या खेळाडूंना उद्देशून काय लिहिले जाते, ते पालकांनी एकदा डोळ्यांखालून घालावे. संघ हरल्यावर रडणाऱ्या मुलाची मला काळजी वाटत नाही. शिव्या लिहिणाऱ्याची वाटते.

विजेतेपदानंतरच्या हंगामातही आपला संघ दुसरा आला. मग आर्थिक डोलारा कोसळला. वेतन थकले, तक्रारी जागतिक संघटनेपर्यंत गेल्या, नवे खेळाडू नोंदवण्यावर बंदी आली, बहुतेक परदेशी खेळाडू निघून गेले. २०२३-२४ मध्ये थांगबोई सिंगतो यांनी पोरसवदा खेळाडू घेऊन हंगाम कसाबसा पार पाडला: बावीस सामने, एक विजय. दोन वर्षांपूर्वीचा विजेता तळाला. तरी तो होता. पुढे मालकी बदलली, आणि २०२५ मध्ये क्लब दिल्लीला गेला, नावही बदलले.

पालकहो, पराभवाचे दुःख मुलांना परिचित असते. हे दुःख वेगळे होते. वर्ग सोडून जाणाऱ्या प्रत्येक मुलाच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर मी सही करते, त्यात कारणाचा रकाना असतो. येथे एक संपूर्ण संघ गाव सोडून गेला आणि ज्यांनी त्याला ‘आपण’ म्हटले होते, त्यांच्याकडे विचारणा नाही, कारण नाही, सही नाही. व्यवहाराने पाहिले तर यात चुकीचे काही नाही. संघ मालकाचा असतो. परंतु मालकाकडे जे होते ते कागद होते. गच्चीबोवलीच्या रिकाम्या आसनांवर बसून शेवटच्या क्रमांकाच्या संघासाठी घसा फोडणाऱ्या मुलांकडे जे होते, ते कुठल्याच करारात लिहिलेले नसल्यामुळे दिल्लीला नेता आले नाही.

आठवीतल्या एका मुलाने मला विचारले, “बाई, आता आपला संघ कोणता?” मी त्याला उत्तर दिले नाही, वर्गालाच विचारले. एक जण म्हणाला, दिल्लीचा, कारण तो मूळचा आपलाच. त्यावर निम्मा वर्ग तुटून पडला. एक मुलगी म्हणाली, कट्टीमणी जिथे असेल तो. एकाने मुंबई सिटी सांगितले आणि त्याला लगेच ‘जिंकणाऱ्यांचा’ म्हणून हिणवण्यात आले. आणि मागच्या बाकावरचा मुलगा, जो एरवी कधी तोंड उघडत नाही, तो म्हणाला, “कोणताच नाही. दुसरा येईपर्यंत हाच.”

तेलुगू, उर्दू आणि इंग्रजीच्या या शहरात मराठी माध्यमाची शाळा साठ वर्षे चालवणाऱ्यांना, आणि तिच्यात पटसंख्या मोजत मोजत मुले पाठवणाऱ्यांना हे वाक्य ओळखीचे वाटेल. शेजारी विचारतात, नातेवाईक विचारतात, ‘अजून तिथेच?’ तुम्ही त्यांना काय उत्तर देता, ते मला ठाऊक नाही. पण तुमची मुले रोज सकाळी साडेसातच्या घंटेला येतात, हे ठाऊक आहे.

आता एक सूचना, आणि मी थांबते. उद्या दुपारी चार वाजता शाळेच्या मैदानावर माजी विद्यार्थी विरुद्ध आजची नववी-दहावी असा फुटबॉलचा सामना आहे. माजी विद्यार्थ्यांच्या संघात चाळिशीपुढचे सात जण आहेत, म्हणून क्रीडाशिक्षकांनी डाव वीस-वीस मिनिटांचा ठेवला आहे. मुलांसाठी पिवळे सदरे चार कमी पडत आहेत. ज्यांच्या घरी जुने हैदराबादचे सदरे पडून असतील, त्यांनी ते धुऊन सकाळी दहापर्यंत कार्यालयात पाठवावेत. पाठीवर कोणाचे नाव आहे, ते पाहिले जाणार नाही.