धान, तांदूळ, भात : गोंदियातून कोरियात



'राईस' हा इंग्रजी शब्द आता मराठी घरांत चांगलाच रुळला आहे. हॉटेलात 'जिरा राईस' मागवतात, लग्नाच्या पंगतीत 'राईस फिरवा' अशी हाक ऐकू येते आणि गोंदिया शहरात 'राईस मिल'ला दुसरा शब्द शोधण्याच्या फंदात कोणी पडत नाही. हाच शब्द कोरियन भाषेत न्यायचा म्हटला, की मात्र अनुवादक पहिल्याच पायरीवर अडतो. कोरियन माणूस विचारतो, कोणता राईस? शेतात उभा असलेला, पोत्यात भरलेला, की वाटीत वाढलेला?

कारण कोरियन भाषेत या तिन्हींना मिळून एक शब्द नाही. शेतात डोलतं ते 'ब्यो'. त्याचं तूस निघालं, दाणा मोकळा झाला, की ते 'स्सल'. आणि चुलीवर शिजलं, की 'बाप्'. या शेवटच्या शब्दाचा उच्चार आपल्या बाप आणि पाप यांच्या मधला कुठला तरी आहे. बिबिमबाप आणि किमबाप या पदार्थांच्या नावांच्या शेवटी येतो तो हाच.

इंग्रजाला ही वाटणी नवी वाटते. गोंदियातल्या माणसाला ती शिकवावी लागत नाही, कारण त्याच्या घरात ती आहेच : धान, तांदूळ, भात. शेतकरी तांदूळ पेरत नाही, गृहिणी धान शिजवत नाही आणि आधारभूत खरेदी केंद्रावर भात मोजला जात नाही. कोकणात उभ्या पिकालाही 'भात' म्हणतात, तिथे थोडा घोळ होऊ शकतो. पण वैनगंगेच्या या बाजूला, पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत, हद्दी पक्क्या आहेत. जिल्ह्याच्या पूर्व भागात बोलल्या जाणाऱ्या गोंडीतही धानाला 'वंजी', तांदळाला 'नूका' आणि पेजेला 'जावा' असे स्वतंत्र शब्द आहेत.

म्हणूनच आजच्या भाषणाचा आग्रह एकच आहे. मराठीतून कोरियनमध्ये जायचं असेल, तर इंग्रजीच्या दारातून जाऊ नये. दोन्हीकडे तीन-तीन शब्द असताना मध्ये एकाच शब्दाची अरुंद खिंड कशासाठी? आज कोरियन मजकूर मराठीत येतो तो बहुतेकदा इंग्रजीवरून येतो, आणि या खिंडीत धान, तांदूळ, भात एकमेकांत मिसळून जातात.

काही नमुने पाहू. इंग्रजीत 'राईस स्ट्रॉ', 'राईस फ्लोअर', 'फ्राईड राईस' आणि 'राईस मिल' या चारही ठिकाणी राईस तोच. कोरियनमध्ये गवताला 'ब्योत्-जिप' म्हणतात, म्हणजे धानाचं तनस. पिठाला 'स्सल-गारू', म्हणजे तांदळाचं पीठ. परतलेल्या भाताला 'बोक्कुम-बाप्'. गिरणीला 'जोंग-मि-सो', आणि तिथला 'मि' हा तांदळासाठीचा चिनी शब्द आहे. चार ठिकाणी चार वेगळे शब्द, आणि एकही चुकवून चालत नाही. विजेच्या कुकरला कोरियन 'बाप्-सोत्' म्हणतात, म्हणजे भाताचं भांडं. त्यात टाकतात ते तांदूळ, पण नाव पडलं ते शिजून बाहेर येणाऱ्या भातावरून.

लग्नाचंच घ्या. 'नवरानवरीवर राईस टाकला' हे वाक्य कोरियनमध्ये नेताना अनुवादकाने चुकून 'बाप्' लिहिलं, तर वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे शिजलेल्या भाताचा मारा उभा राहील. तिथे 'स्सल'च हवा, आणि तेवढ्यानेही भागत नाही. अक्षता अखंड असतात, हळदीकुंकवात घोळलेल्या असतात, कणी त्यात चालत नाही. कोरियन लग्नात 'प्येबेक' नावाचा विधी असतो. त्यात वडीलधारी मंडळी वधूच्या पदरात बोरांच्या जातीची सुकी फळं आणि चेस्टनट टाकतात. संततीची इच्छा त्यामागे असते. विधी जवळचा असला तरी वस्तू वेगळी, त्यामुळे 'अक्षता' शब्द तसाच ठेवून जवळ एक ओळ समजुतीची लिहावी, हे उत्तम.

आता 'स्सल' या शब्दाजवळ थोडं थांबलं पाहिजे. १२व्या शतकाच्या सुरुवातीला सुन मू नावाचा एक चिनी अधिकारी कोरियात गेला होता. तिथले रोजचे शब्द त्याने चिनी अक्षरांत टिपून ठेवले. तांदळाचा शब्द लिहिण्यासाठी त्याने जी अक्षरं वापरली, तीच चिनीत 'बोधिसत्त्व' लिहिण्यासाठी वापरतात. अर्थाचा इथे संबंध नव्हता, त्याला फक्त आवाज पकडायचा होता. पण त्यावरून अभ्यासकांना कळलं, की त्या काळी या शब्दाच्या सुरुवातीला 'प' किंवा 'ब'सारखा ध्वनी होता. पुढे तो झिजला. तरी जोडशब्दांत अजून सापडतो : नव्या तांदळाला 'हे-स्सल' म्हणत नाहीत, 'हेप्-स्सल' म्हणतात. नऊशे वर्षांपूर्वीचा 'प' आजही सोलच्या दुकानांतल्या पिशव्यांवर छापलेला असतो.

याच 'स्सल'चा आणखी एक गुण मराठी माणसाला ओळखीचा वाटेल. तूस काढलेल्या दुसऱ्या धान्यांनाही कोरियन लोक तो लावतात. कांडलेला जव म्हणजे 'बोरि-स्सल', बारीक भरडधान्य म्हणजे 'जोप्-स्सल'. आपण उपवासाला 'वरीचे तांदूळ' म्हणतो तेव्हा नेमकं हेच करतो. 'वरीचा राईस' असं इंग्रजीवरून कोणी म्हणून पाहावं, जमत नाही.

भरडाईच्या धंद्यातले लोक जे दोन शब्द दिवसभर वापरतात, ते 'अरवा' आणि 'उष्णा'. अरवा म्हणजे धान तसंच भरडून काढलेला तांदूळ. उष्ण्यासाठी धान आधी भिजवतात, वाफवतात, वाळवतात आणि मग भरडतात. दाणा कडक होतो, कमी तुटतो, कनकी कमी पडते. कोरियन माणूस चिकट, आखूड दाण्याचा भात खाणारा, त्याला हा प्रकार परका असेल असं वाटतं. पण कोरियाच्या दक्षिण भागात 'ओल-ब्यो-स्सल' मिळतो. लवकर येणारं धान पुरतं पिकण्याआधीच कापायचं, वाफवायचं, वाळवायचं, मग सडायचं. कृती जवळपास उष्ण्याचीच. फरक एवढाच, की तिथे तो शिजवत नाहीत, मूठभर तोंडात टाकून चघळतात. शब्दाची फोड पाहिली तर 'लवकरच्या धानाचा तांदूळ', म्हणजे ब्यो आणि स्सल दोन्ही एकाच शब्दात शेजारी शेजारी. उष्ण्याचा अनुवाद करणाऱ्याने इंग्रजी शब्दकोश उघडण्याआधी हा शब्द पाहावा.

सगळ्यात जास्त संसार आहे तो 'बाप्'चा. कोरियात ओळखीचा माणूस भेटला, की 'बाप् खाल्लंस का?' असं विचारतात. इंग्रजी अनुवादात भात गळतो आणि प्रश्न कोरडा होतो. आपल्याकडे 'जेवला का?' म्हटलं की काम झालं, कारण त्या विचारण्यामागची माया तीच आहे. वडीलधाऱ्यांना विचारताना मात्र 'बाप्' चालत नाही, तिथे 'जिन्जी' म्हणावं लागतं. राजाच्या जेवणाला 'सुरा' असा खास शब्द होता, आणि पितरांपुढे ठेवतात त्या भाताला 'मे'. भात एकच, पण समोर कोण बसलं आहे त्यावर नाव ठरतं. मराठीत हे काम क्रियापदं करतात : 'जेवलास का', 'जेवलात का', आणि देवापुढे 'नैवेद्य दाखवला'. म्हणून कोरियन आजोबांच्या तोंडी आलेला साधा 'बाप्' आणि नातीच्या तोंडचा 'जिन्जी' मराठीत आणताना शब्द न बदलता क्रियापद बदलावं.

'बाप्-जुल' म्हणजे भाताची दोरी, अर्थात माणसाचं पोट ज्यावर चालतं ते काम. ती तुटली असं कोरियन म्हणतो तेव्हा मराठीत सरळ 'पोटावर पाय आला' म्हणावं. 'थंड भात' म्हणजे कोणी विचारत नाही असा माणूस. 'एका हंडीतला भात' खाल्लेले म्हणजे बरोबर राबलेले, एकमेकांना धरून राहणारे सोबती. हे वाक्प्रचार अजून जिवंत आहेत, आणि तेही भात खाणं झपाट्याने घटत असताना. दक्षिण कोरियात १९७० साली माणशी वर्षाला सुमारे १३६ किलो तांदूळ लागत होता. २०२३ साली तो सुमारे ५६ किलोवर आला.

त्या १९७०च्या आसपास तिथे तांदळाची खरी टंचाई होती. आठवड्यातले दोन दिवस दुपारी उपाहारगृहांत भात विकायला मनाई असे. शाळेत मुलांचे डबे उघडून भातात जव मिसळला आहे की नाही, ते शिक्षक तपासत. तांदळापासून 'मक्कॉली' ही पारंपरिक दारू करायलाही बंदी होती. यातून वाट काढली ती 'तोंगिल' नावाच्या वाणाने. फिलिपाईन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत, कोरियन शास्त्रज्ञ हो मुन-हे यांच्या पुढाकाराने तो तयार झाला. त्याच्या जनकांपैकी एक होता तैवानचा बुटका वाण 'तायचुंग नेटिव्ह १'. भारतात १९६८ साली आलेल्या 'जया' या वाणाचाही एक जनक तोच. म्हणजे कोरियाचं तोंगिल आणि आपली जया एका घरातली भावंडं ठरतात. तोंगिलने उत्पादन वाढवलं, पण त्याचा भात सुटसुटीत होई आणि कोरियन जिभेला तो रुचला नाही. १९८०च्या उन्हाळ्यातल्या अवेळी थंडीत पीक मोठ्या प्रमाणावर बुडालं आणि तो वाण मागे पडला. मोकळा, सुटा भात आवडीने खाणाऱ्या विदर्भात कदाचित त्याचं स्वागत झालं असतं.

बांधीतल्या शब्दांनाही तिकडे जोड आहे. पाणी साठवून धान घेतात त्या जमिनीला 'नोन', कोरडवाहूला 'बात्'. रोपाला 'मो', आणि रोवणीला 'मो-नेगी'. बांधीच्या धुऱ्याला 'नोन-दुरॉन्ग'. आपल्याकडे धुऱ्यावर तूर लावतात. कोरियन शेतकरी तिथे सोयाबीन लावतो आणि त्या दाण्यांना 'धुऱ्यावरचे दाणे' असं खास नाव आहे. पऱ्हे (रोपं), कडपा (कापून पसरलेलं धान), पुंजणं (त्याचे ढीग) हे शब्द मात्र पुण्यामुंबईच्या शब्दकोशांत शोधून उपयोग नाही. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीचा शब्दकोश केला, तो अशा कामात हाताशी हवा. कोरियन-मराठी शब्दकोश कधी होईल तेव्हा त्यात शेतीचं पान लिहायला गोंदिया, भंडारा, गडचिरोलीची माणसं बसवली पाहिजेत. रांजणगावच्या कोरियन कारखान्यातली यंत्रं समजावणारा दुभाषी पुण्यात तयार होईल. पण कडपा वाळल्या की पुंजणं घालतात, हे वाक्य त्याला इथूनच शिकावं लागेल.

एका शब्दाने मात्र दोन्हीकडच्या जाणकारांना घाम फुटेल, तो म्हणजे 'उन्हाळी धान'. कोरियात धान वर्षातून एकदाच. मे-जूनमध्ये रोवायचं, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कापायचं. म्हणजे तिथलं प्रत्येक धान उन्हाळ्यातच वाढतं, आणि तो उन्हाळाही पावसाचा. 'उन्हाळी धान' शब्दशः नेलं, तर कोरियन शेतकरी म्हणेल, मग त्यात वेगळं काय? एकाच जमिनीत वर्षातून तेच पीक दोनदा घेण्याला त्यांच्याकडे 'इ-गि-जाक' असा शब्द आहे. तो आधी द्यावा, आणि पुढे सांगावं, की हे दुसरं पीक आहे, पाऊस नसताना इटियाडोहसारख्या धरणाच्या पाण्यावर निघतं आणि मे महिन्याच्या कडक उन्हात कापणीला येतं. अनुवाद एका शब्दाऐवजी दोन ओळींचा होईल. तसा होऊ द्यावा.