पोथीतून पावलांत

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील भाषण)



चित्र पाहून झाल्यावरही भिंतीवर राहते, कविता वाचून झाल्यावरही पुस्तकात राहते. नृत्य मात्र पडदा पडला की संपते. नृत्याच्या रसिकाचे हे जुने दुःख आहे. घरी परतताना त्याच्याजवळ उरते ती केवळ आठवण: एखाद्या नर्तिकेची मान वळवण्याची रीत, एखादी गिरकी, टाळ्या पडण्यापूर्वीची क्षणभराची शांतता. म्हणूनच नृत्य कुठे टिकते, हा प्रश्न त्याला स्वस्थ बसू देत नाही.

जगातील सर्वांत प्रसिद्ध बॅले 'स्वान लेक'. चायकोव्हस्कीच्या संगीतावरचा हा बॅले १८७७ मध्ये मॉस्कोत प्रथम रंगमंचावर आला, तेव्हा त्याला फारसे यश लाभले नाही. १८९३ मध्ये संगीतकाराचे निधन झाले. त्यानंतर १८९५ मध्ये पेतिपा आणि इवानोव्ह या दोघांनी सेंट पीटर्सबर्ग येथे त्याच संगीतावर नवी नृत्यरचना केली. आज जगभर नाचली जाणारी शुभ्र हंसींची रांग ही प्रामुख्याने त्या दुसऱ्या जन्माची देणगी आहे. संगीत कागदावर टिकले होते, पावले मात्र पुन्हा शोधावी लागली. तेव्हापासून ती एका नर्तिकेकडून दुसरीकडे, एका पिढीकडून पुढच्या पिढीकडे चालत आली आहेत.

याच रशियन परंपरेतील आना पाव्हलोव्हा आपल्या नृत्यसंचासह भारतात आली होती. मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात चित्रकला शिकून पुढे लंडनला गेलेल्या उदय शंकरांना तिने १९२३ मध्ये आपल्यासोबत रंगमंचावर उभे केले. बॅलेच्या ओढीने तिच्याकडे आलेल्या रुक्मिणीदेवी अरुंडेल यांना तिने स्वतःच्या देशातील नृत्याचा शोध घेण्यास सुचवले. रुक्मिणीदेवी भरतनाट्यम् शिकल्या आणि १९३६ मध्ये त्यांनी मद्रासमध्ये कलाक्षेत्राची स्थापना केली. परक्या अंगणातील सौंदर्य मनापासून पाहणारा माणूस बहुधा आपल्याच घराच्या बंद दारापाशी येऊन पोहोचतो.

मराठी माणसासाठी असे एक दार तंजावरला आहे, आणि त्याची वाट याच बंगळूरमधून जाते. १६३८ नंतर हे शहर शहाजीराजांच्या जहागिरीत होते. त्यांचे पुत्र व्यंकोजी १६७५ च्या सुमारास येथून दक्षिणेस गेले आणि त्यांनी तंजावरचे मराठी राज्य स्थापिले. त्याच घराण्यातील सरफोजीराजे दुसरे यांनी १७९८ ते १८३२ या काळात राज्य केले. सरस्वती महाल ग्रंथालय ज्यांच्या ग्रंथप्रेमाने समृद्ध झाले, ते हेच राजे. चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू हे चार विख्यात नट्टुवनार बंधू त्यांच्याच दरबारात होते. आजच्या भरतनाट्यम् कार्यक्रमाचा क्रम या बंधूंनी घडवला.

सरफोजीराजांच्या नावे मराठी भाषेतील नृत्यरचना आहेत. त्यांना 'निरूपणे' म्हणतात. आरंभी जयजय आणि शरणु, पुढे शब्द, वर्ण, पद, तिल्लाना अशा पायऱ्या चढत शेवटी मंगळ, अशी एका निरूपणात अठरा अंगे असतात. एरवी भरतनाट्यम् च्या कार्यक्रमात प्रत्येक रचनेचा राग निराळा, ताल निराळा, प्रसंगही निराळा. निरूपणात मात्र राग एक, ताल एक आणि कथाही एकच. अंकामागून अंक उलगडत जाणाऱ्या बॅलेच्या रसिकाला ही कल्पना परकी वाटणार नाही. नवल हे की संगीत कर्नाटक पद्धतीचे, नृत्य तमिळ गुरूंचे आणि शब्द मराठी!

१८५५ मध्ये तंजावरचे राज्य खालसा झाले. आश्रय गेला आणि निरूपणे पोथ्यांत राहिली. शब्द सुरक्षित होते, पण त्यांवर नाचणारे पाऊल नव्हते. मालवणच्या मातीतून आलेले आणि मुंबईत भरतनाट्यम् व नृत्यनाट्यांचे रचनाकार म्हणून नावाजलेले आचार्य पार्वतीकुमार यांनी विसाव्या शतकात या रचनांचा ध्यास घेतला. वर्षानुवर्षे अभ्यास करून त्यांनी शब्दांना पुन्हा हालचाल दिली आणि 'तंजावर नृत्य प्रबंध' हा ग्रंथ सिद्ध केला. त्यांच्या शिष्या सुचेता भिडे-चापेकर यांनी ही निरूपणे रंगमंचावर सादर केली. पुढे त्या तंजावरच्या चार बंधूंच्या वंशातील किट्टप्पा पिळ्ळै यांच्याकडेही शिकल्या. मराठी पोथी आणि तमिळ गुरुपरंपरा अशा एकाच नर्तिकेच्या देहात पुन्हा भेटल्या.

तिसरे उदाहरण यशवंतपूरच्या शेजारचेच आहे. मल्लेश्वरममध्ये १९२८ साली एका कोंकणी भाषक कुटुंबात माया राव यांचा जन्म झाला. त्या उत्तरेतील कथक शिकल्या आणि १९६० नंतरच्या काही वर्षांत मॉस्कोत नृत्यरचनेचे शास्त्र शिकून आल्या. बॅलेच्या माहेरी जाऊन त्यांनी 'स्वान लेक'ची नक्कल आणली नाही. अनेक देहांना एका रंगमंचावर अर्थपूर्ण रीतीने कसे उभे करावे, ही विद्या आणली आणि ती भारतीय नृत्यात रुजवली. दिल्लीत १९६४ मध्ये सुरू झालेली त्यांची संस्था १९८७ मध्ये बंगळूरला आली आणि २०१४ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत त्या शिकवत राहिल्या. बाईंच्या हाताखाली तयार झालेले नृत्यशिक्षक आज या शहरात आहेत.

पालकहो, कन्नड नगरीत मराठी शाळेचा उपयोग काय, हा प्रश्न साठ वर्षांत वेळोवेळी विचारला गेला आहे. तो प्रामाणिक आहे. त्याचे उत्तर शेजाऱ्यांपासून दूर राहण्यात नाही. तंजावरची मराठी तमिळ गुरूंच्या आणि कर्नाटक संगीताच्या सहवासात फुलली. ती थांबली ती नाचणारे थांबले तेव्हा. भाषेचेही तसेच आहे. ही स्मरणिका कपाटात जपली जाईल, हजेरीपटही जपले जातील, पण घरी संध्याकाळी मूल मराठीत भांडले नाही, हसले नाही, तर जपलेल्या कागदाची पुन्हा पोथीच होईल.

शाळेच्या स्नेहसंमेलनात मुले उत्साहाने नाचतात. अनेकदा गाण्याचा अर्थ ठाऊक नसतानाही नाचतात. त्यात त्यांचा दोष नाही, अर्थ कोणी सांगितलेला नसतो. पुढील संमेलनात तंजावरच्या निरूपणातील एखादी छोटी रचना घ्यावी. पावले शेजारच्या गल्लीतील कन्नड किंवा तमिळ नृत्यशिक्षिकेने शिकवावीत, शब्दांचा अर्थ घरातल्या आजीने सांगावा आणि माजी विद्यार्थ्यांनी पहिल्या रांगेत बसून ती पाहावी. कार्यक्रम दहा मिनिटांचा असेल. पडदा पडल्यावर तोही संपेल. मात्र दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत शाळेच्या व्हरांड्यात एखादी मुलगी तेच शब्द गुणगुणत पाऊल टाकताना दिसली, तर सरफोजीराजांचे निरूपण यशवंतपूरला पोहोचले, असे खुशाल समजावे.