झुमांच्या मागे उभी राहिलेली माणसं



29 मे 2024 रोजी दक्षिण आफ्रिकेत सार्वत्रिक निवडणूक झाली. मतपत्रिकेवर एका पक्षाच्या नावाशेजारी ब्याऐंशी वर्षांच्या माणसाचा फोटो होता. जेकब झुमा. जवळजवळ नऊ वर्षं हा माणूस देशाचा राष्ट्राध्यक्ष होता. त्याच्याच तेव्हाच्या पक्षानं त्याला मुदतीआधी पायउतार व्हायला लावलं होतं. न्यायालयाच्या अवमानाबद्दल तो तुरुंगात जाऊन आला होता, आणि मतदानाला नऊ दिवस उरले असताना देशाच्या घटना न्यायालयानं त्याला उमेदवारीसाठी अपात्र ठरवलं होतं. त्याचा नवा पक्ष साडेपाच महिन्यांपूर्वी जन्मलेला. त्या पक्षाला देशभरात 14.58 टक्के मतं मिळाली आणि क्वाझुलू-नाताळ या त्याच्या प्रांतात 45 टक्के. मंडेलांची आफ्रिकन नॅशनल काँग्रेस 40 टक्क्यांवर आली. 1994 नंतर पहिल्यांदाच तिचं बहुमत गेलं.

असे आकडे आले की एक स्पष्टीकरण लगेच पुढे येतं: लोक भोळे आहेत, त्यांना फसवलं गेलं. मला ते पटत नाही. झुमांबद्दल तिथल्या लोकांना जे ठाऊक नव्हतं असं फारसं काही उरलंच नव्हतं. त्यांच्या काळातल्या भ्रष्टाचाराची चौकशी करणाऱ्या झोंडो आयोगासमोरच्या साक्षी टीव्हीवर तासन् तास थेट दाखवल्या गेल्या होत्या. लोकांना सगळं माहीत होतं आणि तरी त्यांनी मत दिलं. आपल्याला विचार करायचा आहे तो याचा.

आधी माणूस समजून घेऊ. झुमांचा जन्म 1942 चा, झुलूंच्या मुलखातल्या न्कांडला भागातला. वडील लहानपणीच गेले, आई डर्बनमध्ये गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी करायची. पोरगं गुरं राखायचं. शाळा नाहीच. सतरा वर्षांचे असताना ते काँग्रेसमध्ये आले, 1963 मध्ये पकडले गेले आणि रॉबेन बेटावर मंडेलांच्याच तुरुंगात दहा वर्षं काढली. नीट लिहायला-वाचायला ते तिथे शिकले. पुढे हद्दपारीत पक्षाच्या गुप्तचर विभागाचे प्रमुख झाले. नव्वदच्या दशकात काँग्रेस आणि झुलूंचा पक्ष इन्काथा यांच्या लढाईत नाताळमध्ये हजारो माणसं मारली जात होती, तेव्हा दोन्ही बाजूंना एका चटईवर बसवणाऱ्यांत झुमा आघाडीवर होते. ज्या गावात रात्री घरं पेटायची थांबली, तिथली म्हातारी माणसं त्यांना विसरलेली नाहीत. त्या लोकांचं कृतज्ञ राहणं खोटं नाही, आणि त्यांना अडाणी म्हणून मोडीत काढणाऱ्यांनी हा इतिहास एकदा वाचावा.

त्यांच्या आधीचे राष्ट्राध्यक्ष थाबो म्बेकी इंग्लंडात शिकलेले, भाषणात कवींचे दाखले देणारे. झुमा सभेत झुलू भाषेत बोलायचे, नाचायचे, सशस्त्र लढ्याच्या दिवसांतलं मशीनगनचं गाणं म्हणायचे. म्बेकींच्या सभेत लोक ऐकायचे आणि झुमांच्या सभेत लोक गायचे. जून 2005 मध्ये झुमांचे आर्थिक सल्लागार शबीर शेख यांना भ्रष्टाचारासाठी पंधरा वर्षांची शिक्षा झाली. शस्त्रखरेदीच्या व्यवहारात झुमांचं वजन वापरण्यासाठी पैसे दिले गेले, असा निष्कर्ष न्यायालयानं काढला. म्बेकींनी उपराष्ट्राध्यक्ष झुमांना लगेच काढून टाकलं. शिकलेल्या शहरी माणसांना वाटलं, विषय संपला. गावाकडे मात्र वेगळंच बोललं जाऊ लागलं: आपल्या माणसाला बाजूला सारायचा डाव आहे. डिसेंबर 2007 मध्ये पोलोक्वानेच्या अधिवेशनात झुमांनी म्बेकींना हरवून पक्ष ताब्यात घेतला.

या दोन घटनांच्या मधे 2006 चा खटला आहे आणि त्यावर मी मुद्दाम थांबणार आहे. एका तरुणीनं झुमांवर बलात्काराचा आरोप केला. तिला सगळा देश ‘ख्वेझी’ या टोपणनावानं ओळखायचा. तिचे वडील रॉबेन बेटावरचे झुमांचे सोबती. ती त्यांना वडिलांच्या जागी मानत आलेली. ती एचआयव्हीग्रस्त होती आणि झुमांना ते माहीत होतं. संबंध संमतीनं झाले असं झुमांचं म्हणणं होतं. 8 मे 2006 रोजी न्यायालयानं त्यांना निर्दोष सोडलं. तो निकाल आहे आणि तो निकाल म्हणूनच मी सांगतो.

पण लोकमताची परीक्षा न्यायालयाच्या बाहेर झाली. जोहान्सबर्गच्या त्या रस्त्यावर रोज गर्दी जमायची. अंगात ‘शंभर टक्के झुलू पोरगा’ अशा अर्थाचे टी-शर्ट. तक्रारदार समजून दुसऱ्याच एका बाईवर दगड फेकले गेले. ख्वेझीचे फोटो जाळले गेले. जाळणाऱ्यांत बायका होत्या. आत न्यायालयात तिच्या आधीच्या संबंधांची उजळणी झाली, तिनं कांगा, म्हणजे अंगाभोवती गुंडाळायचं कापड, नेसला होता याचा अर्थ लावला गेला. देशाच्या एड्सविरोधी परिषदेचं नेतृत्व केलेले झुमा साक्षीत म्हणाले की, लागण होऊ नये म्हणून त्यांनी नंतर शॉवर घेतला. लाखो एचआयव्हीग्रस्तांच्या देशात हे वाक्य उच्चारलं गेलं. झापिरो या व्यंगचित्रकारानं तेव्हापासून झुमांच्या डोक्यावर शॉवरची तोटी काढायला सुरुवात केली. निकालानंतर ख्वेझीला देश सोडून नेदरलँड्समध्ये राहावं लागलं. तीन वर्षांनी झुमा राष्ट्राध्यक्ष झाले.

ऑगस्ट 2016 मध्ये प्रिटोरियात निवडणूक निकाल केंद्रात झुमा भाषणाला उभे असताना काळ्या कपड्यांतल्या चार तरुणी उठून व्यासपीठासमोर उभ्या राहिल्या. झुमांकडे पाठ, तोंड कॅमेऱ्यांकडे. हातात कागद: दहा वर्षांनंतर, कांगा, तिघींपैकी मी एक, ख्वेझीला विसरू नका. झुमा वाचत राहिले. लोक टाळ्या वाजवत राहिले. भाषण संपताच सुरक्षारक्षकांनी त्या मुलींना ढकलत बाहेर काढलं. दोन महिन्यांनी ख्वेझी वारली. झुमांच्या समर्थकांची कृतज्ञता मी समजून घेऊ शकतो, पण त्या रस्त्यावर तिच्याशी जे झालं त्याला माझ्याकडे कोणतीही सबब नाही.

न्कांडलाची गोष्ट तुमच्यापैकी अनेकांनी वाचली असेल. झुमांच्या गावच्या घराला सुरक्षा म्हणून सरकारी तिजोरीतून जो खर्च झाला, त्याचा आकडा लोकरक्षक तुली माडोन्सेला यांनी मार्च 2014 च्या अहवालात 246 दशलक्ष रँडपर्यंत नेला. त्यात गुरांचा गोठा होता, कोंबड्यांचं खुराडं होतं, पाहुण्यांसाठी इमारत होती आणि पोहण्याचा तलाव होता. हा तलाव आग विझवण्यासाठी आहे असं सरकारनं सांगितलं. पुढच्या वर्षी पोलीसमंत्र्यांनी पत्रकार परिषदेत चित्रफीत दाखवली, अग्निशमन दलाचे जवान तलावातलं पाणी नळीनं उडवून दाखवताहेत अशी. मंत्री घामानं निथळत होते. आसपासच्या वस्तीत तेव्हा बायका डोक्यावरून पाणी आणत होत्या.

आता दोन तारखा शेजारी ठेवा. 10 डिसेंबर 2013: मंडेलांच्या श्रद्धांजली सभेत, भर पावसात, ओबामांपासून आपल्या प्रणव मुखर्जींपर्यंत जगभरच्या पाहुण्यांसमोर, झुमांचा चेहरा पडद्यावर आला की स्टेडियम हुर्यो करत होतं. 7 मे 2014: त्याच झुमांच्या नेतृत्वाखाली पक्षाला 62 टक्के मतं. लोकांनी हुर्योही केली आणि मतही दिलं. यात मला विसंगती दिसत नाही. माणूस कसा आहे आणि आपण कोणाच्या बाजूचे, या दोन प्रश्नांची उत्तरं लोक वेगवेगळी देतात. 1994 पर्यंत ज्यांना मतच नव्हतं त्यांच्यासाठी पक्षाचं निशाण झुमांपेक्षा मोठं होतं.

गुप्ता बंधूंविषयी थोडक्यात सांगतो, कारण त्यात आपल्याला मान खाली घालावी लागते. सहारनपूरहून गेलेले हे तीन उद्योजक भाऊ झुमांच्या निकटचे. 2013 मध्ये त्यांच्या घरच्या लग्नाचं वऱ्हाड भारतातून विमानानं गेलं आणि थेट वॉटरक्लूफच्या लष्करी तळावर उतरलं. मंत्रिपदं त्यांच्या बंगल्यावर ठरतात, असे आरोप झाले. उपअर्थमंत्री म्सेबिसी जोनास यांनी तर साक्ष दिली की, त्यांना अर्थमंत्रिपद आणि 600 दशलक्ष रँड देऊ केले होते. डिसेंबर 2015 मध्ये चार दिवसांत तीन अर्थमंत्री झाले. रँड घसरला आणि त्याची झळ पगारदारांना लागली.

मग कायदा काय करत होता? शस्त्रखरेदीच्या करारावर 1999 मध्ये सह्या झाल्या. झुमांवर आरोप ठेवले गेले, काढले गेले, पुन्हा ठेवले गेले. 2009 मध्ये ते राष्ट्राध्यक्ष होण्याच्या तोंडावर सरकारी वकिलांनी आरोप मागे घेतले. 2018 मध्ये, पद गेल्यानंतर, ते परत आले. त्यानंतर सरकारी वकील बदला, तारीख बदला, तब्येत बरी नाही, अपील. तिथले वकील या डावपेचाला स्टालिनग्राड म्हणतात, प्रत्येक गल्लीसाठी लढायचं. आपल्याकडे तारीख पे तारीख कशी चालते हे मी या सभागृहाला सांगायला नको.

आणि शेवटी त्यांना तुरुंगात टाकलं ते कशासाठी? भ्रष्टाचारासाठी नव्हे. झोंडो चौकशी आयोगासमोर हजर राहण्याचा घटना न्यायालयाचा आदेश त्यांनी धुडकावला म्हणून. 29 जून 2021 रोजी न्यायमूर्ती सिसी खांपेपे यांनी पंधरा महिन्यांची शिक्षा सुनावली. कायद्यानं ती बरोबर होती. माजी राष्ट्राध्यक्षाला आदेश मोडायची मुभा दिली तर बाकीच्यांनी तो का पाळावा? पण झुमा म्हणाले, मला खटल्याविना डांबलं जातंय. वर्णद्वेषी राजवटीत ज्यांचे भाऊ, बाप खटल्याविना डांबले गेले, त्यांच्या कानाला हे ओळखीचं वाटलं. शिवाय झुमांच्या समर्थकांजवळ एक प्रश्न होता आणि तो साधा नव्हता. सत्यशोधन आयोगानं वर्णद्वेषाच्या काळातल्या खुनांची, छळांची सुमारे 300 प्रकरणं खटल्यासाठी पाठवली होती. बोटांवर मोजण्याइतकी चालली. पुढे विद्यमान राष्ट्राध्यक्ष रामाफोसा यांच्या शेतावरच्या सोफ्यात दडवलेले डॉलर चोरीला गेल्याचं बाहेर आलं, तेव्हाही संसदेत बहुमताच्या जोरावर महाभियोग रोखला गेला. कायद्याला आमचाच माणूस कसा दिसतो, असं झुमांचा शेतकरी समर्थक विचारतो तेव्हा त्याच्या प्रश्नाचा अर्धा भाग खरा असतो. उरलेला अर्धा, म्हणजे म्हणून आमच्या माणसाला सोडा, तो मला मान्य नाही.

7 जुलै 2021 च्या रात्री झुमा पोलिसांच्या स्वाधीन झाले. दोन दिवसांत क्वाझुलू-नाताळ पेटलं. महामार्गावर ट्रक जाळले गेले, गोदामं आणि मॉल लुटले गेले, 350 हून अधिक माणसं मेली. बरेच जण लुटालुटीच्या चेंगराचेंगरीत मेले, म्हणजे भुकेपोटी तिथे गेलेले. डर्बनजवळच्या फीनिक्समध्ये भारतीय वंशाच्या लोकांनी रस्त्यावर नाके बसवले आणि तिथे 36 जण मारले गेले, त्यांतले बहुतेक कृष्णवर्णीय.

फीनिक्स म्हणजे ज्या परिसरात गांधीजींनी 1904 मध्ये आश्रम काढला तोच. 1912 मध्ये गोपाळ कृष्ण गोखले दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर गेले, भारतीयांवरच्या तीन पौंडांच्या करासाठी पंतप्रधान बोथा आणि मंत्री स्मट्स यांना भेटले. त्याच दौऱ्यात ते जवळच्या ओहलांगे इथे जॉन डुबे यांची शाळा पाहायला गेले. डुबे हे त्याच वर्षी स्थापन झालेल्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे पहिले अध्यक्ष. न्यायमूर्ती रानड्यांचा शिष्य आणि झुलूंचा नेता एकमेकांना भेटले ती जागा आणि 2021 चे ते नाके यांत काही किलोमीटरचं अंतर आहे. दोन्ही समाजांनी शंभर वर्षांत एकमेकांशी बोलणं किती कमी केलं, हे त्या आठवड्यात दिसलं. भारतीय वंशाच्या लोकांची भीती खरी होती. पण भीतीपोटी वाटसरूंना ठार मारलं गेलं, आणि इथल्या आपल्या बातम्यांत ‘भारतीयांवर हल्ले’ एवढंच ठळक छापलं गेलं याचं मला वाईट वाटतं.

झुमा वैद्यकीय कारणावरून दोन महिन्यांत बाहेर आले. ती सुटका बेकायदा होती असं न्यायालयांनी ठरवल्यावर ऑगस्ट 2023 मध्ये ते तुरुंगात हजर झाले आणि शिक्षेतल्या सवलतीमुळे त्याच दिवशी घरी परतले. 16 डिसेंबर 2023 रोजी सोवेटोत नव्या पक्षाची घोषणा झाली. नाव उमखोंतो वी सिझ्वे, मंडेलांनी 16 डिसेंबर 1961 रोजी उभारलेल्या सशस्त्र दलाचं.

या सगळ्याचं बिल कोणाच्या नावावर फाटलं ते सांगून थांबतो. न्कांडलाच्या खर्चापैकी 78 लाख रँड झुमांनी परत करावेत असं न्यायालयाच्या आदेशानंतर ठरलं. त्यांनी ते व्हीबीएस नावाच्या एका छोट्या बँकेकडून कर्ज काढून भरले. लिंपोपो प्रांतातल्या गरिबांची ही बँक. तिच्यात पेन्शनरांचे पैसे, बायकांच्या भिशीचे पैसे, मयताच्या खर्चासाठी वस्तीनं जमवलेला निधी. 2018 मध्ये ती बुडाली. तिच्यातले जवळपास दोन अब्ज रँड संचालकांनी आणि त्यांच्या राजकीय दोस्तांनी लुटल्याचं चौकशीत निघालं. त्या लुटीचा आरोप झुमांवर नाही, हे स्पष्ट करतो. पण आपला माणूस म्हणून सगळं पोटात घालायची सवय वरच्यांना कळली की बँकेचे संचालकही तीच गृहीत धरतात. पहाटेपासून बँकेच्या दारात रांगा लावलेल्या म्हाताऱ्या माणसांना दिवसाला ठरावीकच रक्कम मिळत होती.

शस्त्रखरेदीचा खटला पीटरमारित्झबर्गच्या न्यायालयात अजून निकालाविना पडून आहे. थेल्स ही सहआरोपी फ्रेंच कंपनी 2025 मध्ये न्यायालयात म्हणाली की, तिचे दोन महत्त्वाचे साक्षीदार वारले, तेव्हा आरोप रद्द करा. झुमांना दोषी ठरवा असं मी म्हणत नाही; ते माझं काम नाही. पण तो खटला साक्षी-पुराव्यांसह पुरा चालला पाहिजे आणि तो आरोपी हयात असताना चालला पाहिजे. त्यांच्या मागे उभ्या असलेल्या माणसांचाही त्यावर तितकाच हक्क आहे.