मागे पडणाऱ्या मुलांचे शिक्षण व आपले मंडळ

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आताच आपण सर्वांनी कौतुकाने पाहिला. त्या मुलांचे अभिनंदन करणाऱ्यांत मीही आहे. परंतु या समारंभानंतर लगेच बोलण्याची पाळी मजवर आली आहे, तेव्हा ज्यांचे नाव या व्यासपीठावरून कधीच पुकारले जात नाही, अशा मुलांविषयी बोलावे असे मी ठरविले. श्रवणदोष असलेल्या मुलांना शिकविण्यात माझे सारे आयुष्य गेले. त्या निमित्ताने आपल्याच ज्ञातीतील कितीतरी घरे मला आतून पाहावयास मिळाली. आतून म्हणण्याचे कारण असे की, पाहुणे आले म्हणजे ही मुले बहुधा आतल्या खोलीतच असतात.

आपल्या मंडळाची कुटुंब-परिचय पुस्तिका मी नुकतीच पुन्हा चाळली. तीत शिक्षण आहे, नोकरी आहे, मूळ गाव आहे, मुलांची नावेही आहेत. पण माझ्या परिचयाच्या दोन घरी तीन-तीन मुले असता पुस्तिकेत दोन-दोनच छापलेली आहेत. ही मुद्रकाची चूक नव्हे. तिसरे मूल सांगितले तर थोरल्या मुलीचे लग्न अडेल, या भीतीने आईबापांनीच ते नाव दिलेले नसते. त्यांना बोल लावणे सोपे आहे. परंतु वधूवर-सूचक शाखा आपली, स्थळांची चौकशी करणारे आपण, आणि ‘त्यांच्याकडे जरा आहे’ असे हलक्या आवाजात सांगणारेही आपणच. तेव्हा या लपवाछपवीत आपण सर्वच थोडेफार भागीदार आहोत.

तिची किंमत कोण देते, हे मला माझ्या अनुभवावरून सांगता येईल. मूल दीड-दोन वर्षांचे झाले तरी बोलत नाही, हाकेला वळून पाहत नाही, हे प्रथम आईच्या ध्यानात येते. ती तसे बोलून दाखविते. मग वडीलधारी माणसे सांगतात, “अगं, याचा बापही चौथ्या वर्षी बोलला.” नवस होतात, जिभेला वेखंड उगाळून लावतात. परंतु अशा मुलांपैकी अनेकांचा दोष जिभेत नसून कानात असतो. शब्द कानावर पडत नाहीत, म्हणून ते तोंडी येत नाहीत. आवाज बहुधा शाबूत असतो. पहिल्या तीन-चार वर्षांत मूल जितक्या सहजतेने भाषा उचलते, तितक्या सहजतेने ते पुढे कधीच उचलत नाही. श्रवणयंत्र असो, कॉक्लिअर इम्प्लांटची शस्त्रक्रिया असो किंवा खुणांची भाषा असो, ते शक्य तितके याच वयात दिले पाहिजे. ‘बेरा’ नावाची चाचणी तर झोपलेल्या तान्ह्या मुलावरही करता येते. कानात आवाज सोडल्यावर मेंदूकडे जाणाऱ्या संदेशाची नोंद यंत्र घेते. मुलाने काही उत्तर देण्याची गरजच नसते.

माझ्याकडे एक मुलगी सहाव्या वर्षी आली. जेव, पाणी, बस, चल एवढ्या खुणा तिला कळत. आपल्याला एक नाव आहे, हे मात्र तिला ठाऊक नव्हते. ती विलक्षण चलाख होती. पुढे दहावी झाली, शिवणकाम शिकली, आज मिळवती आहे. तरी भाषेवाचून गेलेली ती पहिली वर्षे आम्हां शिक्षिकांना कधी भरून काढता आली नाहीत. अजूनही लांब वाक्य वाचताना ती अडते व माझ्याकडे पाहते.

आता ज्या भीतीपोटी हे सारे घडते, तिच्याकडे वळू. अपंगत्व म्हणजे रक्तातला दोष, अशी आपली समजूत असते आणि तो दोष बहुतेक वेळा आईच्या माथी मारला जातो. वस्तुस्थिती इतकी सरळ नाही. डाउन सिंड्रोममध्ये एकविसाव्या गुणसूत्राची एक प्रत जादा असते. ही घटना बहुतांशी यदृच्छेने घडते, घराण्यातून उतरत नाही. सेरेब्रल पाल्सी ही जन्माच्या आगेमागे वाढत्या मेंदूला झालेल्या इजेचा परिणाम असते. अशा मुलाच्या बहिणीचे लग्न मोडणे याला शास्त्राचा आधार सहसा नसतोच. जन्मजात बहिरेपणाचे काही प्रकार मात्र आनुवंशिक आहेत, आणि जवळच्या नात्यात लग्ने झाल्यास त्यांचा संभव वाढतो. मामाची मुलगी करण्याची चाल ज्या घरांत अजून आहे, त्यांनी हे लक्षात घ्यावे. शंका असेल तेथे आनुवंशिकीच्या तज्ज्ञांचा सल्ला मिळतो. पत्रिका दाखविण्यास आपण जितका वेळ देतो, त्याचा काही अंश तिकडे दिला तरी पुरे.

दुसरा वर्ग आहे तो वर्गात ‘ढ’ ठरलेल्या मुलांचा. मूल हुशार बोलते, गोष्टी सांगते, पण ‘कमल’ वाचताना ‘कलम’ म्हणते, फळ्यावरचे उतरविताना अक्षरे गाळते. त्याला आळशी म्हणतात, मारतात, शिकवण्या लावतात. यांपैकी पुष्कळांना विशिष्ट अध्ययन-अक्षमता असते. वाचनातील अडचणीला डिस्लेक्सिया हे नाव २००७ सालच्या ‘तारे जमीन पर’ या चित्रपटाने घरोघर पोचविले. चित्रपट पाहून आपण रडलो, आणि घरी येऊन मुलाच्या वहीवर तांबड्या रेघा मारल्या! अशा मुलाला अक्षर व ध्वनी यांची सांगड सावकाश, पुनःपुन्हा, हाताने गिरवून व कानाने ऐकून घालावी लागते. परीक्षेत त्याला जादा वेळ, लेखनिक यांसारख्या सवलती मिळतात. मात्र त्यांसाठी प्रमाणपत्र लागते, आणि ‘शिक्का बसेल’ म्हणून पालक ते काढीत नाहीत. दहावीचे वर्ष उजाडते तेव्हा धावाधाव सुरू होते.

ही मदत कोणाची मेहेरबानी नव्हे. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ते एकवीस केले, आणि त्यांत स्वमग्नता व अध्ययन-अक्षमता यांचाही समावेश झाला. ज्या मुलाचे अपंगत्व चाळीस टक्के वा त्याहून अधिक प्रमाणित झाले आहे, त्याला सहा ते अठरा वर्षे वयापर्यंत जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत विनामूल्य शिक्षणाचा हक्क आहे. सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत अशा विद्यार्थ्यांसाठी किमान पाच टक्के जागा राखीव आहेत. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अंगणवाड्यांत व सरकारी शाळांत मुलांची तपासणी होते. आपली बहुतेक मुले खासगी शाळांत जातात, तेथे हे पथक सहसा येत नाही. म्हणून आपल्याला स्वतः होऊन चौकशी करावी लागते. कायदा कागदावर उत्तम आहे, विशेष शिक्षक मात्र थोडे आहेत, हेही मी लपवीत नाही.

राहता राहिला तो प्रश्न, जो आईबाप रात्री एकमेकांना विचारतात: आपल्यामागे याचे काय? स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असलेल्या व्यक्तीस अठरा वर्षांनंतर कायदेशीर पालक नेमून देण्याची तरतूद १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आहे. जिल्ह्याची स्थानिक समिती हे काम करते. आपल्यातील किती वकिलांना हे अर्ज भरून देता येतील?

माझ्या सूचना थोड्या आहेत. पुढील परिचय-पुस्तिकेत घरातील प्रत्येक मुलाचे नाव छापले जावे. त्यापुढे अपंगत्वाचा उल्लेख करणे न करणे कुटुंबाच्या मर्जीवर सोडावे. शिष्यवृत्ती-निधीतील काही रक्कम गुणांच्या अटीतून मुक्त करून श्रवणयंत्र, वाचा-उपचार व विशेष शिक्षकाची फी यांसाठी ठेवावी. प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात पालकांबरोबर जाण्यास आपल्यातील सेवानिवृत्त मंडळींपैकी चौघांनी नावे द्यावीत. तेथील रांगेत एकट्या आईला मूल सांभाळीत उभे राहावे लागते, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. पहिले नाव मी स्वतःचे लिहून कार्यवाहांकडे दिले आहे. त्याखालच्या तीन ओळी अद्याप कोऱ्या आहेत, आणि कागद दारापाशी टेबलावर ठेवलेला आहे.